पाखऱ्याची शेपटी आणि विश्रामची माफी

नवापूरच्या विश्रामला कबड्डी कोणी शिकवली असं विचारलं, की गावातली म्हातारी माणसं समुद्राकडे बोट दाखवत. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओल्या वाळूचं मोठं अंगण मोकळं व्हायचं. पोरं काठीने रेघ ओढत आणि श्वास कोंडून एकमेकांच्या अंगावर जात. तिथे पंच नव्हता आणि शिट्टीही नव्हती. पाणी परत आलं आणि रेघ पुसली, की खेळ संपला. त्या ओल्या वाळूतून पाय उपसत विश्राम मोठा झाला. मग सुक्या मैदानावर उतरला तेव्हा त्याच्या पायांना जमीन लागतच नाही असं बघणाऱ्याला वाटे.

बाप लहानपणीच गेला होता. आई मंजुळा डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन उभ्या तालुक्यात चालली आणि त्या चालण्यावर तिने पोरगा वाढवला. विश्राम कळता झाल्यावर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. जाळ्याचा दोर ओढून ओढून त्याचं मनगट असं झालं होतं, की त्याने एकदा धरलं की धरलेल्याने घरी निरोप पाठवावा. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला तारापूरपासून पालघरजवळच्या माहीमपर्यंत नवापूरचा संघ म्हणजे विश्राम, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. बोईसरला कारखान्यांचे भोंगे वाजत, पाळी सुटे, आणि उत्तरेकडून आलेले कामगार सायकली आडव्या टाकून त्याची चढाई बघायला उभे राहत. नाक्यावरचा चहावाला त्याच्याकडून पैसे घेत नसे. विश्रामही देत नसे. अशा गोष्टींनी माणूस हळूहळू फुगतो, आणि फुगलेल्याला ते दिसत नाही.

मंजुळाची वाट ठरलेली होती. सकाळच्या एसटीने बोईसर, तिथून पायी बेटेगाव, आणि बेटेगावच्या वर डोंगराच्या पायथ्याशी हेदपाडा. हेदपाड्याच्या बायका तिची वाट बघत. सुके बोंबील, करंदी, जवळा टोपलीतून उतरे, आणि त्याच्या बदल्यात तांदूळ, नाचणी, थंडीत वाल टोपलीत चढे. दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर तिला भाकरी मिळे. बहुतेक वेळा तो ओटा ठमीचा असे. ठमी विधवा होती. तिच्याकडे डोंगरउतारावरचं थोडं शेत होतं, एक बैलगाडी होती, आणि पाखऱ्या व हरण्या नावाची बैलजोडी होती. पावसाच्या भरवशावर पिकेल ते पिके, बाकीचं वर्ष गाडी काढी. गवताचे भारे भरून ती पालघर, माहीमकडे जाई, आणि गाडी स्वतः हाकी. पहिल्यांदा बघणारे हसत. दुसऱ्यांदा बघणारे बाजूला होत.

त्या माघात माहीमला सामने होते. उपांत्य फेरीत शेवटची चढाई विश्रामची होती. त्याने समोरच्या गड्याला हात लावला, हसत परत वळला, आणि त्या हसण्यात त्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. पंचाने बोट वर केलं. नवापूर एका गुणाने हरलं.

परतीची एसटी चुकली. गडी चालत निघाले तेव्हा ठमीची गाडी माहीमच्या तात्यांच्या वाडीत गवत उतरवून रिकामी परत चालली होती. मंजुळाचा पोरगा म्हणून तिने सगळ्यांना बसवून घेतलं. "बेटेगावपावेतो सोडते," ती म्हणाली, "फुडं तुमचे पाय हायतच."

वाटेत गडी विश्रामला सोडेनात. "एवढी मोठी रेघ दिसली नाय?" "अरे, त्याला वाटलं भरती आली, म्हणून किनाऱ्याला पळाला." विश्राम गप्प होता. गप्प माणसाच्या आत काय शिजतं ते झाकण उडेपर्यंत कळत नाही. पालघर सोडल्यावर एक चढ लागतो. तिथे ठमी नेहमीप्रमाणे खाली उतरली आणि बैलांना भार कमी व्हावा म्हणून गाडीच्या मागून चालू लागली. गडी मात्र बसूनच राहिले. बैल हळू झाले. पाखऱ्या थोडा थांबला, श्वास घ्यायला.

"तुझ्यासारखाच हाय रे," मागून कोणीतरी म्हणालं, "ऐनवेळी थांबतो."

विश्राम पुढे सरकला. त्याने पाखऱ्याची शेपटी धरली आणि पिरगाळली. शेपटी जरा मुरगळून बैल हाकणारे पुष्कळ असतात, ते बरं नव्हे, पण असतात. विश्रामच्या हातात मात्र दोर ओढणारं मनगट होतं आणि मनगटात दिवसभराचा राग होता. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पाखऱ्या ओरडला नाही. तो जुवासकट खाली बसला.

ठमी धावत आली. तिने शेपटी बघितली, हात फिरवला, आणि एकाही गड्याकडे न बघता म्हणाली, "उतरा." सगळे उतरले. पाखऱ्या उठेपर्यंत ती त्याच्याजवळ रस्त्यातच बसून राहिली. मागे एक एसटी येऊन थांबली होती. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती, आणि त्यातली निम्मी विश्रामला ओळखत होती. बातमी त्याच्याआधी नवापूरला पोचली.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन मंजुळा नेहमीच्या वाटेने गेली. संध्याकाळी आईच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेणं हे विश्रामचं लहानपणापासूनचं काम. त्या संध्याकाळी त्याने हात घातला आणि टोपली जड लागली. सकाळी जेवढी होती तेवढीच जड.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काय नाय. नको म्हणाल्या."

"भांडल्या काय?"

"भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी दिलं, बस म्हणाल्या. मासळी नको म्हणाल्या."

ठमीने नको म्हटलं म्हणून शेजारणीने म्हटलं, आणि शेजारणीने म्हटलं म्हणून साऱ्या पाड्याने. मंजुळा पुन्हा गेली, पुन्हा तशीच आली. बोईसरच्या बाजारात बसून तिने थोडं विकलं, पण तिथे आधीच बसलेल्या कोळणींच्या रांगेत तिला शेवटची जागा होती. घरात वाल संपले, नाचणी संपली. आणि ज्या ओट्यांवर तिने आयुष्याच्या दुपारी काढल्या त्या ओट्यांवर आता ती पाहुणी झाली होती. विश्राम रोज टोपली उतरवायचा आणि रोज त्याला वजन कळायचं.

नवापूरच्या कबड्डी मंडळाचे चिटणीस होते दिनानाथ. बोईसरच्या एका कारखान्यात ते कारकून होते आणि माईक दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नसे. त्यांनी उपाय काढला. "जाहीर माफी," ते म्हणाले. "बोईसरच्या सामन्यांत, भर मैदानात, लाऊडस्पीकरवर. बैलाला हार घालायचा, ठमीबाईंना साडी-नारळ. प्रकरण मिटलं."

"मी काय बोलू?" विश्रामने विचारलं.

"ते मी पाठ करून घेतो."

ठमी यायला तयार नव्हती. तिच्या शेजारी राहणारा म्हातारा सुका म्हणाला, "चल गं. फुकट कबड्डी बघाय भेटेल." तेवढ्यावर ती निघाली.

बोईसरचं मैदान भरून गेलं होतं. मंडळाने बैलांना झुली आणल्या होत्या, पाठीवरून पार खुरांपर्यंत लोंबणाऱ्या. पाखऱ्या आणि हरण्या दोन्ही करडे, दोन्ही एका मापाचे, शिंगंही सारख्याच वळणाची. गाडी मैदानाच्या मध्यरेषेवर आणली होती आणि बैलांची तोंडं लोकांकडे होती. विश्राम पांढरा सदरा घालून उभा होता. दिनानाथांनी पाठ करून घेतलेलं त्याने एका दमात म्हणून टाकलं, चढाईत कबड्डी कबड्डी म्हणतात तसं. "झाल्या प्रकाराबद्दल मी समस्त क्रीडारसिकांची, मंडळाची आणि मुक्या प्राण्याची जाहीर माफी मागतो."

टाळ्या पडल्या. दिनानाथांनी झेंडूचा मोठा हार हातात दिला. विश्रामला पक्कं आठवत होतं, गाडीत बसला तेव्हा तो बैल डाव्या हाताला होता. तो पुढे झाला, डाव्या हाताच्या बैलासमोर उभा राहिला, हार घातला, वाकला आणि त्याच्या पुढच्या पायांना हात लावला. पुन्हा टाळ्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

सुका हसायला लागला. आधी खांदे हलले, मग सगळा म्हातारा हलला. "अरे पोरा," तो म्हणाला, आणि माईक जवळ असल्याने ते साऱ्या मैदानाला ऐकू गेलं, "हा हरण्या हाय. याला कोण शिवला पण नाय."

गाडीत बसून डावा असतो तो समोर उभं राहिलं की उजव्या हाताला येतो. शेतकऱ्याच्या घरातलं लहान पोरही हे चुकणार नाही. त्याला बैलाचं तोंड ओळखीचं असतं, डावं-उजवं बघायची गरजच नसते. विश्राम दर्यातला माणूस. अंधारात नुसत्या हाताने तो बोंबील आणि मांदेली वेगळे करील, पण बैल त्याच्या लेखी दोन शिंगं आणि चार पाय.

ठमी उठली. तिने हरण्याच्या गळ्यातला हार काढला नाही, तसाच राहू दिला. पाखऱ्यावरची झूल तेवढी उचलली. वाकडी शेपटी लोंबत होती, आणि तिच्या टोकापलीकडे, जिथे ती पोचत नव्हती तिथे, माशा बसल्या होत्या. साडी-नारळ तिने हातात घेतलं नाही. गाडी वळवली आणि निघून गेली.

मग बोलायला लोकांना विषय मिळाला. तसा विषय तालुक्याला पुष्कळ दिवसांत मिळाला नव्हता.

नाक्यावर कामगारांचे दोन तट पडले. "बैल से कौन माफी माँगता है?" एक म्हणे. दुसरा म्हणे, "माँगी तो सही, पर जिसकी माँगनी थी वो बगल में खड़ा देख रहा था." चहावाल्याने विश्रामकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, वर विचारी, "कपबशी कुठल्या हातात देऊ?" नवापूरचे काही गडी त्याची बाजू घेत. "एक शेपूट वाकडी झाली म्हणून एवढ्या चांगल्या चढाईवाल्याला काय फाशी देणार?" त्यावर मासळी वाळवणाऱ्या बायका किनाऱ्यावरून म्हणत, "तुझं नाक वाकडं करून बघू का, मग बोल." माहीमचे तात्या, ज्यांच्या वाडीत ठमी गवत उतरवायची, ते पालघरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत की माझ्या दारातनं गाडी निघाली तेव्हा शेपूट सरळ होती, मी साक्षीदार आहे. जसं काही कोणी त्यांच्यावरच आळ घेतला होता. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "डाव्या बाजूला बसा की उजव्या, पण आधी नीट बघून घ्या." पुढच्या सामन्यात विश्राम चढाईला गेला तर समोरच्या गावची पोरं मैदानाबाहेरून एका सुरात हंबरली. चिडावं की हसावं ते त्याला कळेना, आणि तेवढ्यात त्याची पकड झाली.

दिनानाथ मात्र हटले नव्हते. "पुन्हा घेऊ कार्यक्रम," ते म्हणाले. "या वेळी बैलांना नावाच्या पाट्या लावू."

"नको, दिनूभाऊ," विश्राम म्हणाला. "टाळ्या लोकांनी वाजवल्या. टोपली तशीच हाय."

होळी झाल्यावर एका सकाळी होडी किनाऱ्यालाच होती. विश्राम कोणाला न सांगता हेदपाड्याला गेला. हातात काही नेलं नाही. काय न्यावं ते सुचलंच नाही. पळस फुलून ओसरले होते आणि मोहाच्या फुलांचा गोड वास उतारभर पसरला होता. ठमी गोठ्यासमोर शेण गोळा करत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेणाकडे पाहिलं.

"मावशी," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला येईना. पाठ केलेलं होतं ते इथे बोलायचं नव्हतं.

"माईक नाय आणला?" ठमीने विचारलं.

"नाय."

"मग काय करणार?"

विश्राम गोठ्याकडे बघत राहिला. एक बैल शेपटीने माशा हाकत होता. दुसरा पाठ थरथरवत होता, मान मागे नेत होता, पाय आपटत होता, आणि माशा उठून परत तिथेच बसत होत्या. तो पाखऱ्या. या वेळी डावं-उजवं बघायचं काम पडलं नाही. विश्रामने बाजूला जाऊन करंजाची पानभरली फांदी मोडली आणि पाखऱ्याच्या मागे उभा राहून हलवायला लागला.

पाखऱ्याने पहिली लाथ मारली ती बरोबर गुडघ्यावर. विश्राम चढाईपटू होता, लाथ चुकवायला शिकलेला, पण ती त्याने चुकवली नाही. किंवा चुकवता आली नाही, हे त्याचं त्याला माहीत. दुसरी मात्र चुकवली.

"लांब उभा राह," ठमी म्हणाली. ती त्याच्याशी धड बोलली ते एवढंच.

पुढे होडी किनाऱ्याला असेल त्या दिवशी तो येऊ लागला. दुपारभर फांदी हलवायचा, संध्याकाळी उतरायचा. हेदपाड्याची पोरं ओळीने बसून बघत. सुका आपली चटई सावलीत आणून पसरे. "अख्ख्या तालुक्यात असा पंखा कुणाकडं नाय," तो म्हणे. "मासे मारणारा आता माशा मारतो. विजेबिगर चालतो, खायला पण मागत नाय."

"खायला द्या, मागतो," विश्राम म्हणाला. त्यावर पोरं हसली. ठमी आत होती. थोड्या वेळाने तिने त्याच्यासमोर भाकरी ठेवली. बरोबर मीठ-मिरची होती, मासळी नव्हती. आईची मासळी या घरात आलेली नाही हे त्याला भाकरीबरोबर पुन्हा कळलं.

बसून बसून तो बैल बघायला शिकला. त्याआधी त्याने कधी बैलाकडे एवढा वेळ बघितलंच नव्हतं. पाखऱ्या आवाज आला की आधी डावा कान वळवतो, हरण्या दोन्ही एकदम. पाखऱ्या गवत तोंडात घेऊन थोडा थांबतो, जणू चव आठवतो आहे. हरण्या हावरा. हरण्याला कोणीही चालतं. पाखऱ्याला ठमी चालते, आणि कधीकधी सुका.

एक दिवस उन्हं कलताना गुरं बंधाऱ्याच्या पाण्यात उतरली होती, मानेपर्यंत बुडलेली. करडी, काळी, तांबडी डोकी तेवढी वर. ठमी काठावर उभी होती. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आपला पाखऱ्या कुठला?"

शेपटी पाण्याखाली होती. गाडी नव्हती, जू नव्हतं, डावं-उजवं नव्हतं. विश्रामने बघितलं आणि तो थोडा हुंकारला. एक कान वळला.

"त्यो," तो म्हणाला. "चिंचेच्या सावलीत हाय त्यो."

परतताना हरण्याचा कासरा ठमीने धरला आणि पाखऱ्याचा विश्रामच्या हातात दिला.

मग मासेमारीचे दिवस भरात आले. होडी रोज जाऊ लागली आणि विश्रामला येणं जमेना. दर्यावर असतानाही त्याच्या डोळ्यासमोर त्या थरथरणाऱ्या पाठीवरच्या माशा येत. एका सकाळी शेजारचा नाखवा होडीला तेल फासत होता. मुशी माशाच्या काळजाचं तेल, लाकूड टिकावं म्हणून लावतात. त्याचा वास असा, की नवा माणूस गावात शिरतानाच परत फिरतो. विश्राम बघत उभा राहिला. होडीवर एकही माशी नव्हती.

त्याने डबाभर तेल मागून घेतलं आणि तडक हेदपाडा गाठला. ठमी शेतावर होती. सुकाने नाक धरून परवानगी दिली. विश्रामने पाखऱ्याला मानेपासून मागच्या पायांपर्यंत चोपडलं. पाखऱ्याने लाथ मारली नाही. मान वळवून त्याने स्वतःचा वास घेतला आणि बराच वेळ विचारात पडल्यासारखा उभा राहिला. माशा उडाल्या त्या परत बसल्या नाहीत. विश्राम आनंदाने शेवटच्या एसटीसाठी पळाला.

दुसऱ्या दिवशी ठमीला गाडी घेऊन बोईसरला जायचं होतं. हरण्या जुवाखाली यायला तयार होईना. पाखऱ्याजवळ आणलं की फुरफुरत बाजूला सरे. शेवटी सुकाने डब्यात उरलेलं थोडं तेल त्याच्याही नाकाखाली फासलं, तेव्हा कुठे दोघांचा वास एक झाला आणि जोडी जमली. गाडी पाड्याबाहेर पडली तशी पाड्यावरची मांजरं मागे निघाली. बेटेगावात आणखी मांजरं आली, मग कुत्री आली. मांजरं बैलामागे, कुत्री मांजरांमागे, पण वासाने कुत्र्यांचंही चित्त ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाला चावत नव्हतं. अशी ही वरात, मधोमध पाखऱ्या, बोईसरच्या नाक्यावर आली. सायकली थांबल्या. "यह कौन-सी सवारी है?" कोणीतरी विचारलं. चहावाला दुकान सोडून बाहेर आला. दिनानाथ कारखान्यात निघाले होते, ते रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायला काही सुचलं नाही.

ठमी ताठ बसून गाडी हाकत होती. रागाने की लाजेने ते कळत नव्हतं, पण तिचा चेहरा तांबडा झाला होता. बाजारात कोळणींच्या रांगेजवळ गाडी आली आणि एका बोक्याने उडी मारून पाखऱ्याच्या पाठीवर ठाण मांडलं. पाखऱ्याने डावा कान वळवला आणि चालत राहिला. माशी असती तर त्याने पाठ थरथरवली असती. बोक्याला मात्र पाखऱ्याची हरकत नव्हती.

ठमीला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना. गाडी थांबली. ती हसत होती, आणि तिला बघून अख्खा बाजार हसत होता. विश्राम तिथेच होता, त्या दिवशी होडी किनाऱ्यालाच असल्याने आईची टोपली उतरवून द्यायला आलेला. तो पुढे झाला, बोक्याला खाली काढलं आणि पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. यात बैल चुकायचा प्रश्नच नव्हता.

"ही तुझी करणी?" ठमीने डोळे पुसत विचारलं.

"माशा बसत नाय ना, मावशी?"

"माशा नाय बसत. माणसंबी बसत नाय. काल जेवणाच्या वेळी सुका वाऱ्याची दिशा बघून बसला."

रांगेच्या शेवटी मंजुळा बसली होती, टोपली समोर ठेवून. ती उठली नव्हती, हसलीही नव्हती. ठमी गाडीतून उतरली. सरळ तिच्याकडे गेली, खाली बसली आणि टोपलीतला एक बोंबील उचलून दोन बोटांनी दाबला.

मंजुळाने घाईघाईने बोंबलांची मोठी जुडी बांधली, वर करंदीचं माप ओतलं आणि तिच्याकडे सरकवलं. "घे, बाय. ने घरी."

"किती तांदूळ?"

"तांदूळ कसले. अशीच ने."

ठमीने जुडी परत टोपलीत टाकली. "फुकट घ्यायला मी काय तुझी सून हाय? नीट सांग. आणि हे बोंबील ओले हायत."

"ओले?" मंजुळाची मान वर झाली. "माझे बोंबील ओले? कडकडीत ऊन खाल्लंय त्यांनी. हात लावून बघ."

"हात लावला म्हणूनच सांगते. दोन दिवसांत बुरशी धरेल. एवढ्याला एक शेर तांदूळ, वर काय नाय."

"एक शेर? एक शेराला नुसता वास मिळतो."

"वास मला नको, माझा बैल बघ."

शेजारच्या कोळणी सरकून जवळ आल्या. एकीने बोंबील मोडून बघितला आणि मंजुळाची बाजू घेतली, दुसरीने मुद्दाम ठमीची. मंजुळाचा आवाज चढला, ठमीचा त्याहून चढला. मंजुळाने मागितलेल्या दोन शेरांवरून गाडी दीडवर आली, दीडवर अडली, आणि दोघी पदर खोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. रस्त्यावरच्या कोणाला वाटलं खरंच मारामारी जुंपली. विश्राम पाखऱ्याचा कासरा धरून उभा होता. आईला इतकं मोठ्याने बोलताना त्याने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. तो मध्ये पडला नाही.

शेवटी दीड शेर तांदूळ आणि मूठभर वाल यावर दोघी थांबल्या, दोघीही नुकसान झाल्याच्या चेहऱ्याने. ठमीने माल गाडीत ठेवला.

"उद्या पाड्यावर येते," मंजुळा म्हणाली. "बायांना सांगून ठेव."

"सांगायचं काम नाय," ठमी बैलांना वळवत म्हणाली. "तुमच्या घरचा वास आदी येतो, माणूस मागनं."